स्वप्न आणि पात्राचे मन : एक वाङ्मयीन विचार

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परीक्षेची धास्ती घेतलेल्या मुलाला स्वप्नात कोरी उत्तरपत्रिका दिसते, सासुरवाशिणीला माहेरचा उंबरा दिसतो, आणि आपण ही म्हण उच्चारून मोकळे होतो. व्यवहारात ती पुरेशी आहे. परंतु कथा, कादंबरी आणि नाटक यांचा अभ्यास करू लागलो म्हणजे ती अपुरी वाटू लागते. पात्राच्या मनात काय आहे ते सांगायचेच असेल, तर लेखकाजवळ सोपे मार्ग पुष्कळ आहेत. 'त्याला तिची आठवण येत होती' असे एक वाक्य लिहिले की काम भागते. मग पात्राला झोपवायचे, स्वप्न दाखवायचे आणि पुन्हा जागे करायचे, एवढी यातायात थोर लेखकांनी का केली असावी?

मराठी विषयाचा अभ्यास करताना हा प्रश्न मला वारंवार पडला. त्याचे जे उत्तर मला सापडले ते सहाध्यायी मित्रमैत्रिणींपुढे आणि प्राध्यापकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ते उत्तर थोडक्यात असे : साहित्यातील स्वप्न वाचताना 'या स्वप्नाचा अर्थ काय?' हा प्रश्न आपण पुढे ढकलावा. त्याआधी 'ही गोष्ट या पात्राला जागेपणी का बोलता आली नाही?' असा प्रश्न विचारावा. या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पात्राचे मन उघडते. आणि पुष्कळदा त्याच्या घराचे, समाजाचे कुलूपही उघडते.

स्वप्न आणि दृष्टांत

माझे गाव येरमाळा. बालाघाटच्या डोंगररांगेतील या गावाजवळच्या टेकडीवर येडेश्वरी देवीचे स्थान आहे. आमच्याकडे तिला सारे येडाई म्हणतात. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला लांबून लांबून माणसे येतात. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी खाली येते आणि भाविक रानात चुनखडीचे खडे वेचतात. या यात्रेकरूंच्या बोलण्यात एक शब्द वरचेवर कानी पडतो, तो म्हणजे 'दृष्टांत'. "औंदा येणं व्हणार नव्हतं, पर आईनं दृष्टांत दिला," असे सांगणारी बाई दर यात्रेत भेटते.

अलंकारशास्त्रात 'दृष्टांत' हा एक अलंकार आहे. महानुभाव वाङ्मयात केसोबासांच्या 'दृष्टांतपाठा'त तो चक्रधरस्वामींनी सांगितलेल्या बोधकथांसाठी येतो. लोकव्यवहारात मात्र देवाने किंवा गुरूने स्वप्नात येऊन दिलेली आज्ञा, असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे आमच्या भाषेत झोपेतल्या दर्शनाला दोन नावे आहेत. आतून येते ते 'सपान' आणि बाहेरून येतो तो 'दृष्टांत'. सपान कोणी मनावर घेत नाही. दृष्टांत मोडण्याची छाती कोणाला होत नाही.

साहित्यातील स्वप्नांचेही ढोबळ मानाने तीन प्रकार करता येतील. पहिला प्रकार भविष्यसूचक स्वप्नाचा. पुढे काय घडणार याची चाहूल देणे हे त्याचे काम. दुसरा प्रकार चौकटीच्या स्वप्नाचा. यात सगळी कथाच स्वप्न म्हणून सांगितलेली असते. जॉन बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चा हरी केशवजी यांनी केलेला 'यात्रिकक्रमण' हा १८४१ सालचा मराठी अनुवाद याचे उदाहरण आहे. तेथे स्वप्न हा केवळ दरवाजा आहे. आत शिरल्यावर आपण तो विसरून जातो. तिसरा प्रकार मनोदर्शक स्वप्नाचा, आणि तोच या लेखाचा विषय आहे. तथापि पहिल्या प्रकारातली स्वप्नेही नीट पाहिली तर त्यांच्या पोटात तिसरा प्रकार दडलेला आढळतो.

वाल्मीकी रामायणातील सुंदरकांड पाहा. अशोकवनात राक्षसिणी सीतेला धमकावत असताना त्रिजटा नावाची वृद्ध राक्षसी झोपेतून उठते आणि आपण पाहिलेले स्वप्न सांगते. राम शुभ्र माळा धारण करून विजयी होऊन येतो आहे, आणि रावण मुंडन केलेला, तेल माखलेला असा गाढवावर बसून दक्षिणेकडे चालला आहे, असे ते स्वप्न. परंपरेने हे स्वप्न भविष्यसूचक मानले आहे आणि ते योग्यच आहे. पण ते सांगणारी कोण आहे, ते कोठे सांगितले जात आहे, याचा विचार करा. रावणाच्या लंकेत, रावणाच्याच पहारेकरणींसमोर, 'आपल्या राजाचा नाश होणार. या बाईला छळू नका, उलट तिची क्षमा मागा' असे कोणत्या दासीला बोलता आले असते? 'मला असे वाटते' म्हणून ती बोलली असती, तर तो राजद्रोह ठरला असता. 'मला असे दिसले' म्हटल्यावर तो अपराध राहत नाही. स्वप्न पाहणाऱ्यावर स्वप्नाची जबाबदारी कोणी टाकत नाही. त्रिजटेच्या मनात सीतेविषयी जी करुणा होती तिला बाहेर पडण्यासाठी झोपेची वाट सापडली.

ज्यांना बोलण्याची मुभा नव्हती

हाच विचार घेऊन सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंकडे वळू. त्यांचे आत्मचरित्र अभंगरूप आहे. ते कल्पित साहित्य नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु मराठीत एखाद्या स्त्रीने स्वतःच्या मनाचा एवढा वृत्तान्त इतक्या पूर्वी लिहून ठेवला आहे, की या विषयात त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. त्यांचा जन्म वेरूळच्या परिसरातील देवगावचा आणि समाधी वैजापूर तालुक्यातील शिऊरला. म्हणजे त्या आपल्या मराठवाड्याच्याच. लहान वयात बिजवराशी लग्न झाले. कुटुंबासह फिरत फिरत त्या कोल्हापूरला आल्या. तेथे कीर्तनातून तुकोबांचे अभंग कानी पडले आणि मनाला ओढ लागली. पण त्या जातीने ब्राह्मण, तुकोबा शूद्र मानले गेलेले, आणि नवरा वैदिकी करणारा, कडक स्वभावाचा. कीर्तनाच्या आणि वासराच्या वेडापायी त्यांनी नवऱ्याचा मारही खाल्ला होता. अशा स्त्रीने 'मला तुकाराम गुरू हवेत' हे कोणाजवळ आणि कसे बोलावे?

तुकोबांनी स्वप्नात येऊन त्यांना उपदेश केला. बहिणाबाईंची आणि वारकरी संप्रदायाची ही श्रद्धा आहे आणि तिला धक्का लावण्याचा माझा मुळीच हेतू नाही. वाङ्मयाचा विद्यार्थी म्हणून मी एवढेच पाहतो की, जो गुरू त्यांना जागेपणी कोणी करू दिला नसता, तो स्वप्नात लाभला. आणि एकदा लाभल्यावर तो परत घेता येण्यासारखा नव्हता. स्वतः तुकोबांनाही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला होता. म्हणून या स्वप्नाला संप्रदायाचे बळही होते. नवऱ्याचा संताप झाला. पण पुढे तो निवळला आणि कुटुंब देहूला गेले. एका स्वप्नाने एवढे घडवून आणले.

याच्याशी जुळणारी एक गोष्ट माझ्या घरातली आहे. माझ्या आत्याची शाळा नववीतच बंद करून तिचे लग्न उरकावे, असे आजोबांनी ठरवले होते. आजी त्यांच्यासमोर कधी वर मान करून बोलली नव्हती. एके दिवशी सकाळी चुलीपुढे बसून ती एवढेच म्हणाली, "राती येडाई आली व्हती सपनात. म्हनली, पोरीची साळा मोडू नगं." आजोबा काही बोलले नाहीत, स्थळ पाहणे मात्र दोन वर्षे थांबले. आत्या मॅट्रिक झाली आणि पुढे अंगणवाडीत नोकरीला लागली. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी आजीला त्या स्वप्नाविषयी मुद्दाम विचारले. ती म्हणाली, "तवा मला कोन इचारत व्हतं रं? तिला इचारत व्हते." आजीला खरोखर स्वप्न पडले होते की नाही, हे मी विचारले नाही. तिच्या उत्तरानंतर तो प्रश्न मला गौण वाटला. एखाद्या कादंबरीकाराने हा प्रसंग लिहिला, तर त्यातून आजीचे मन जितके कळेल त्याहून अधिक त्या घरात बाईच्या शब्दाला काय किंमत होती ते कळेल. आणि ते कळल्याशिवाय आजीचे मन पुरते कळणार नाही.

जात्यावरच्या ओव्यांतही सासुरवाशिणीच्या स्वप्नात भाऊ येतो, आई येते. या ओव्यांकडे केवळ माहेरच्या ओढीचे काव्य म्हणून आपण पाहतो. परंतु 'मला येथे राहवत नाही' हे सासूच्या कानावर जाईल असे म्हणता येत नसे, आणि 'काल सपनात भाऊ आला होता' हे जाते ओढता ओढता मोठ्याने गाता येत असे, हेही लक्षात घेतले पाहिजे.

उदयनाचे स्वप्न

आतापर्यंतची स्वप्ने दुसऱ्यांना सांगितलेली होती. याहून नाजूक प्रकार म्हणजे पात्र स्वतःशीच जे बोलू शकत नाही ते स्वप्नात बोलते. याचा आदर्श म्हणून भासाच्या 'स्वप्नवासवदत्तम्' या नाटकाकडे बोट दाखवावे लागेल. भासाच्या नावावर मानली जाणारी ही नाटके टी. गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केली आणि संस्कृत नाटकाच्या इतिहासाला नवे वळण लागले.

कथानक आपल्याला ठाऊक आहे. गेलेले राज्य परत मिळवायचे तर मगधाच्या राजाचे साह्य हवे. त्यासाठी उदयनाने मगधराजाची बहीण पद्मावती हिच्याशी विवाह केला पाहिजे. आणि वासवदत्ता जिवंत असेपर्यंत तो हे करणार नाही. म्हणून लावाणक येथील आगीत वासवदत्ता जळून मेली, अशी वार्ता मंत्री यौगंधरायण पसरवतो आणि तिला वेषांतराने पद्मावतीजवळच ठेवतो. उदयनाचे दुसरे लग्न होते. चौथ्या अंकात विदूषक त्याला विचारतो की, दोघींपैकी तुला अधिक प्रिय कोण? राजा आढेवेढे घेतो आणि अखेर वासवदत्तेचे नाव घेतो. त्याचे डोळे भरून येतात. तेवढ्यात पद्मावती येते, तेव्हा काशाच्या फुलांचे पराग डोळ्यांत गेले, अशी सबब सांगितली जाते. नव्या बायकोच्या माहेरी, तिच्या भावाच्या आश्रयाने राहणाऱ्या राजाला रडायचे झाले तरी परागाची सबब लागते!

पाचव्या अंकात पद्मावतीचे डोके दुखते आहे असे कळल्यावर राजा समुद्रगृहात जातो. ती तेथे नसते. वाट पाहता पाहता त्याला झोप लागते. वासवदत्ताही पद्मावतीच्या शुश्रूषेसाठी येते आणि अंधुक उजेडात पद्मावतीच निजली आहे असे समजून शय्येवर बसते. राजा झोपेत बोलू लागतो. तो वासवदत्तेला हाक मारतो, रागावलीस का असे विचारतो. आणि मग विरचिकेचे नाव काढतो. विरचिका म्हणजे जिच्यावरून या पतिपत्नींत पूर्वी रुसवा झाला होता ती. वासवदत्ताही क्षणभर सारे विसरते आणि येथेही विरचिकाच का, म्हणून फणकारते.

मला या प्रसंगातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. सामान्य लेखकाने उदयनाच्या स्वप्नात चांदणे, वीणा आणि प्रणय आणला असता. भासाने जुने भांडण आणले. मेलेल्या माणसाविषयी आपण जागेपणी फक्त गोड आठवतो; त्याचा आपण केलेला अपराध आठवत नाही, कारण आता क्षमा मागायला समोर कोणी नसते. उदयनाला नुसता विरह नाही, त्याला क्षमा मागायची आहे, हे जागेपणीच्या चार अंकांत कोठेही आलेले नाही. ते एका नावाने येते. शिवाय गंमत अशी की, त्याच्या दृष्टीने जे स्वप्न, ते तिच्या दृष्टीने सत्य आहे. जाताना ती त्याचा शय्येवरून लोंबणारा हात उचलून नीट ठेवते आणि निघून जाते. राजा जागा होतो, तिच्या मागे धावतो आणि दाराच्या फळीवर आदळतो. विदूषक म्हणतो, हे स्वप्न होते. राजाचे म्हणणे असे की, स्वप्न असेल तर जाग न येणेच बरे होते.

जागे झाल्यावर पात्र काय करते, हा मनोदर्शक स्वप्नाचा उत्तरार्ध होय. उदयन दारावर आदळतो. त्या एका धडकेत त्याच्या स्वप्नाचे वजन आपल्याला कळते.

फ्रॉइडचा प्रकाश आणि त्याची मर्यादा

आधुनिक काळात स्वप्नांचा विचार सिग्मंड फ्रॉइड याच्या नावाशी जोडलेला आहे. त्याचा स्वप्नमीमांसेवरील ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरमध्ये बाहेर पडला. प्रकाशकाने त्यावर १९०० साल छापले. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या ६०० प्रती खपायला सुमारे आठ वर्षे लागली. जागेपणी दडपलेल्या इच्छा झोपेत वेष पालटून वर येतात, मनातला पहारेकरी झोपेत सैल पडतो, अनेक गोष्टी एकाच प्रतिमेत एकवटतात आणि एकीवरचा जोर दुसरीवर सरकतो, ही त्याची मांडणी आज सर्वांना परिचित आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्याचे १९०७ सालचे दुसरे एक छोटे पुस्तक अधिक उपयोगी पडेल. विल्हेल्म येन्सेन या जर्मन लेखकाच्या 'ग्राडिव्हा' या कथेतील स्वप्नांचा त्याने त्यात विचार केला आहे. कथेचा नायक पुरातत्त्वज्ञ आहे. एका प्राचीन शिल्पातील चालणाऱ्या तरुणीने त्याला वेड लावले आहे. स्वप्नात तो इसवी सन ७९ मधील पाँपेई नगरात असतो, ज्वालामुखीचा स्फोट होत असतो आणि ती तरुणी त्याच्याच काळात, त्याच्याच गावात राहत असल्याचा त्याला साक्षात्कार होतो. खरी गोष्ट अशी की, त्याची विसरलेली बालमैत्रीण खरोखरच त्याच्या गावात, त्याच्या घराजवळ राहत असते. स्वप्नाने सत्य सांगितले. फक्त गाव आणि काळ बदलून सांगितले. पुस्तकांत गाडून घेतलेल्या त्या विद्वानाला जिवंत मुलीवरचे प्रेम कबूल करता येत नव्हते; दगडातल्या मुलीवरचे करता येत होते.

मनाच्या बाबतीत कवी आणि कथाकार शास्त्रज्ञाच्या पुढे असतात, असे फ्रॉइडनेच या पुस्तकात मान्य केले आहे. हे आपण ध्यानात ठेवावे. कारण त्याचे नाव घेऊन पुष्कळदा आपण स्वप्नांचा कोश हातात घेतो. साप म्हणजे अमुक, पाणी म्हणजे तमुक, जिना म्हणजे आणखी काही. अशाने सर्व पात्रांची स्वप्ने सारखीच होतात. आमच्याकडे साप दिसला तर नवस राहिला आहे असे म्हणतात. व्हिएन्नात आणखी काही म्हणतील. पात्राच्या स्वतःच्या आयुष्यात तो साप कोठून आला, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लावणे धाडसाचे ठरेल.

रस्कोलनिकोव्हची घोडी

जागतिक कादंबरीत या विषयाचे सर्वोत्तम उदाहरण मला दस्तयेवस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' या १८६६ सालच्या कादंबरीत आढळते. रस्कोलनिकोव्ह हा दरिद्री विद्यार्थी एका सावकारणीचा खून करण्याच्या विचारात आहे. त्याचा हिशोब सरळ आहे. एक निरुपयोगी, दुष्ट म्हातारी मेली तर तिच्या पैशांतून कितीतरी भले करता येईल. हा हिशोब त्याने मनात इतक्या वेळा केला आहे की त्यात कोठे चूक सापडत नाही.

खुनाच्या आदल्या दिवशी तो झुडपांत गवतावर झोपतो आणि त्याला स्वप्न पडते. तो सात वर्षांचा आहे आणि वडिलांचा हात धरून चालला आहे. गुत्त्यासमोर एका मोठ्या गाडीला मरतुकडी घोडी जुंपलेली आहे. दारू प्यालेला मालक मिकोल्का गाडीत माणसे कोंबतो आणि ती ओढेना म्हणून तिला चाबकाने, मग दांडक्याने आणि शेवटी लोखंडी पहारेने मारतो. ती माझी आहे, मी वाटेल ते करीन, असे तो ओरडत असतो. घोडी मरते. लहान मुलगा गर्दीतून धावतो, तिच्या रक्ताळलेल्या तोंडाला मिठी मारतो, मुके घेतो आणि मग इवल्या मुठी आवळून मिकोल्कावर धावून जातो.

ज्याच्या शेतातला बैल चिखलात बसला आहे आणि ज्याने त्यावर पडणारा आसूड पाहिला आहे, त्या आपल्याकडील वाचकाला हे स्वप्न समजावून सांगावे लागत नाही. पण आपला प्रश्न विचारू. रस्कोलनिकोव्हला हे जागेपणी का म्हणता आले नाही? कारण त्याच्या तर्काने त्याच्या दयेचे तोंड बंद केले होते. जिवंत प्राण्याला मारणे म्हणजे काय, हे त्या हिशोबात कोठेच नव्हते. ते सात वर्षांच्या मुलाला ठाऊक होते. म्हणून स्वप्नाला तो मुलगा शोधून आणावा लागला. त्या स्वप्नात रस्कोलनिकोव्ह एकाच जागी नाही, असेही मला वाटते. तो रडणारा मुलगा आहे आणि पहार उचलणारा मिकोल्काही आहे.

आता जागे झाल्यानंतरचे पाहू. तो घामाने चिंब होऊन उठतो. आपण खरोखरच कुऱ्हाड उचलणार आहोत का, या विचाराने त्याचा थरकाप होतो. तो तो बेत टाकून देतो आणि त्याला मोकळे वाटते. कादंबरी येथेच संपली असती तर ते सुभाषित झाले असते. पण घरी जाताना विनाकारण वाट वाकडी करून तो बाजारातून जातो, आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता म्हातारी घरात एकटी असणार, हे त्याच्या कानांवर पडते. बेत पुन्हा त्याचा कब्जा घेतो. स्वप्नाने त्याचे मन दाखवले. त्याला वाचवले नाही. स्वप्न खरे बोलले तरी माणूस ते ऐकेलच असे नाही. ही गोष्ट दस्तयेवस्कीइतकी निर्दयपणे क्वचितच कोणी दाखवली असेल.

मराठीतील काही वाटा

मराठी कादंबरीत बा. सी. मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस' (१९४२) पासून संज्ञाप्रवाहाचे तंत्र आले. पुढे वसंत कानेटकरांनी 'घर' (१९५१) मध्ये ते वापरले. जागे मनच जसे वाहते तसे दाखवता येऊ लागल्यावर, मनात डोकावण्यासाठी पात्राला झोपवण्याची निकड कमी झाली. स्वप्न यायचे तर त्याला आता जास्तीचे काही काम हवे होते.

ते काम दोन लेखकांनी कसे दिले ते पाहू. चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' (१९६६) ही कादंबरी दृष्टांत आणि मन यांच्या सीमेवर उभी आहे. श्याम बेनेगल यांनी १९७८ साली तिच्यावर चित्रपट काढला, त्यामुळे कथा अनेकांना माहीत आहे. परशुरामाला कोंडुरास्वामी भेटतो, मुळी देतो. त्याला देवीचे दर्शन घडते. गाव त्याला मानू लागते. घरात कवडीची किंमत नसलेल्या माणसाला दैवी कृपेने किंमत आली आहे. आता ही कृपा बाहेरची की त्याच्या अपमानित मनातून उगवलेली? या प्रश्नाला पोट देऊन सारी कथा उभी आहे. आजीच्या दृष्टांताने एक शाळा वाचली. परशुरामाच्या हातून मात्र कृपेच्या भरवशावर अनर्थ घडतो. बोलण्याची मुभा नसलेल्याला स्वप्न आवाज देते. पण तो आवाज आपला नसून देवाचा आहे असे एकदा ठरले की त्याला प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही, हा धोका खानोलकरांनी ओळखला होता.

दुसरे उदाहरण सतीश आळेकर यांच्या 'बेगम बर्वे' (१९७९) या नाटकाचे. बर्वे हा संगीत नाटक कंपनीत स्त्रीभूमिका करण्याची हौस बाळगून राहिलेला, आता उदबत्त्या विकून पोट भरणारा माणूस. श्यामरावाच्या मुठीत त्याचे जिणे आहे. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून कचेरीतील नलावडेबाईंची स्वप्ने रंगवीत दिवस काढतात. बर्वे त्यांच्या स्वप्नात नलावडेबाई होऊन शिरतो, जावडेकराशी त्याचे लग्न लागते, डोहाळे लागतात; आणि श्यामराव येऊन सारे उधळून लावतो. दोन परक्या माणसांची स्वप्ने एकमेकांत मिसळतात आणि तिघांचीही भाषा जुन्या नाट्यपदांची असते. त्यांना स्वप्न पाहायलाही स्वतःचे शब्द नाहीत. जागेपणी हे बोलले असते तर लोक हसले असते. नाटकात आपणही आधी हसतोच, आणि मग हसू घशात अडकते.

हिंदी चित्रपटातील स्वप्नदृश्यांची आपण सहसा गाण्याचे निमित्त म्हणून थट्टा करतो. परंतु राज कपूर यांच्या 'आवारा' (१९५१) मधील स्वप्न या कसोटीला उतरते. नायक चोर आहे आणि रिटाला ते सांगण्याची त्याची हिंमत नाही. स्वप्नात तो ज्वाळांच्या नरकात तडफडतो, ती वरून जिना उतरून येते आणि जग्गा सुरी घेऊन आडवा येतो. जी कबुली तो देऊ शकत नाही ती त्याच्या झोपेने दिली.

स्वप्न नको असते तेव्हा

येथवर वाचून कोणी असा समज करून घेईल की, मन दाखवायचे तर स्वप्न हवेच. तसे नाही. आमच्याच कळंब तालुक्यातील हासेगावचे कथाकार भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा आठवा. बाजारात टोमॅटोला कवडीमोल भाव मिळतो आणि घाम गाळून माल आणलेला शेतकरी बाप भर बाजारात तो ढीग पायांनी तुडवतो. त्याच्या मनात काय चालले आहे ते त्या पायांनी सांगितले. येथे कथाकाराने बापाला आदल्या रात्री एखादे स्वप्न दाखवले असते, तर कथा दुबळी झाली असती. जे कृतीत फुटून बाहेर पडते त्याला झोपेच्या आडोशाची गरज नसते. स्वप्नाची जागा तेथे, जेथे कृतीचीही वाट बंद आहे.

महाविद्यालयीन कथास्पर्धांसाठी लिहिणाऱ्या मित्रांना यातून काही घेता येईल असे वाटते. आपल्या कथांत स्वप्न बहुधा शेवटी येते. संकट शिगेला पोहोचते आणि 'इतक्यात मला जाग आली' असे म्हणून लेखक सुटका करून घेतो. अशा वेळी वाचकाला फसवल्यासारखे वाटते, कारण त्या स्वप्नाने कोणाचेच मन दाखवलेले नसते. कथेत स्वप्न घालण्यापूर्वी पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत, असे मी सुचवीन.

१. ही गोष्ट पात्राला जागेपणी कोणापाशी बोलता आली असती का? आली असती तर स्वप्न काढून टाकावे.

२. स्वप्नातील वस्तू पात्राच्या रोजच्या जगण्यातील आहेत का? ऊसतोड कामगाराच्या स्वप्नात कोयता, गाडी, फडातला पाला येईल; संगमरवरी महाल यायचा असेल तर तो त्याने कोठे पाहिला हे कथेत असले पाहिजे.

३. हे स्वप्न दुसऱ्या पात्राला देता येईल का? देता आले तर ते लेखकाचे स्वप्न आहे, पात्राचे नव्हे. विरचिकेचे नाव उदयनावाचून दुसऱ्या कोणाच्याही झोपेत येणार नाही.

४. जाग आल्यावर पात्र काय करते? ते स्वप्न लपवते, सांगते की विसरण्याचा प्रयत्न करते? सांगत असेल तर कोणाला?

या चौथ्या प्रश्नाकडे नवलेखकांचे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. स्वप्न एकट्याचे असते. त्याचे कथन मात्र दोघांत घडते. त्रिजटा राक्षसिणींना सांगते, आजी आजोबांना सांगते, रस्कोलनिकोव्ह कोणालाच सांगत नाही. कोणाला सांगितले आणि कोणापासून लपवले, यावरून पात्र कोणाला भिते आणि कोणावर विसंबते हे समजते.

समारोप

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' या म्हणीत साहित्याच्या अभ्यासकाने थोडी भर घालावी. मनात वसलेले, पण ओठांवर येऊ न दिलेले स्वप्नात दिसते. ओठांवर कोणी येऊ दिले नाही, याचा शोध घेणे हे वाचकाचे काम. कधी तो रावण असतो, कधी सासरची रीत, कधी जातीचा निर्बंध, कधी पैशाची चणचण, आणि कधी आपलाच बिनचूक वाटणारा हिशोब. थोर लेखक पात्राला झोपवतात ते या पहारेकऱ्याची ओळख पटवण्यासाठी.

या दृष्टीने मराठवाड्यातील ओव्या, देवीच्या दृष्टांतांच्या कथा आणि आपल्या भागातील कथाकारांचे लेखन यांचा एकत्र अभ्यास व्हावा असे वाटते. घरोघरी म्हाताऱ्या बायांजवळ अशी कितीतरी स्वप्ने सांगण्यासारखी आहेत. ती गोळा करताना 'देवी खरेच आली होती का?' असे विचारून त्यांना गप्प करू नये. 'त्या वेळी घरात काय चालले होते?' असे विचारावे. उत्तरात बहुधा एक कथा मिळेल, आणि ती त्यांनी आजवर कोणाला सांगितलेली नसेल.